गेमचे रिव्ह्यू: कॉपी कोणाला, कधी आणि कोणत्या अटीवर

एखादा मोठा गेम आला की दोन दिवसांत ठरलेलं भांडण सुरू होतं. रिव्ह्यूमध्ये १० पैकी ९ मिळालेत आणि घरी खेळताना गेम पावलोपावली अडकतोय, मग एक गट म्हणतो सगळे रिव्ह्यूअर विकले गेलेत, पब्लिशरने, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, पाकिटं पोचवली. दुसरा गट म्हणतो पुरावा दाखवा नाहीतर गप्प बसा, आवड ज्याची त्याची. चार दिवस एकमेकांची उणीदुणी काढून झाली की दोघंही थकतात आणि पुढचा गेम येईपर्यंत विषय तिथेच पडून राहतो. मला या भांडणात दोन्ही बाजू चुकताना दिसतात. माझं म्हणणं असं की बहुतेक रिव्ह्यूअर प्रामाणिक असतात, आणि तरीही रिलीजच्या आधी आलेल्या रिव्ह्यूवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण खरी गडबड रिव्ह्यू लिहायच्या आधीच होऊन गेलेली असते, म्हणजे रिव्ह्यूसाठीची फुकट कॉपी कोणाला द्यायची, रिलीजच्या किती दिवस आधी द्यायची आणि काय दाखवायला बंदी घालायची हे पब्लिशर एकटा बसून ठरवतो तेव्हा.

पाकीटवाल्या गटाचं आवडतं उदाहरण म्हणजे जेफ गर्स्टमन. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गेमस्पॉट या साइटवर त्याने 'केन अँड लिंच' ला १० पैकी ६ दिले, त्याच वेळी साइटवर त्याच गेमच्या जाहिराती झळकत होत्या, आणि महिना संपायच्या आत त्याची नोकरी गेली. कंपनीने तेव्हा जाहिरातींचा संबंध नाकारला, त्यालाही कायदेशीर कारणाने बोलता येत नव्हतं, शेवटी २०१२ मध्ये तो उघड बोलला की नव्याने आलेल्या मॅनेजमेंटला पब्लिशरच्या 'जाहिराती काढून घेऊ' या धमक्या झेपल्या नाहीत. आता हे प्रकरण नीट बघा. त्याला कोणी पैसे दिले नव्हते, आणि स्कोअर ६ चा ६ च राहिला. लाच शोधायला निघालेल्याच्या हाती इथे काहीच लागणार नाही. जे नुकसान झालं ते बाकीच्यांच्या मनात झालं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आणि दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर नवीन लागलेल्या पोराला कळलं की ६ दिले तर काय होऊ शकतं. पुढे त्या पोराने ७ च्या लायकीच्या गेमला ८ दिले तर त्याने पैसे खाल्ले असं म्हणणार का? आपण खोटं लिहितोय असं त्याला स्वतःलाही वाटणार नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, एवढाच विचार त्याने केलेला असतो, बहुतेक वेळा तर नकळत.

ही काही गेमने जगाला दिलेली नवी भानगड नाही. १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शूबर्ट बंधूंची नाट्यगृहं जोरात होती आणि न्यूयॉर्क टाइम्सचा नाट्यसमीक्षक होता अलेक्झांडर वूलकॉट. त्याने त्यांच्या एका नाटकाबद्दल वाईट लिहिलं. शूबर्टनी पेपरला कळवलं की तिकिटं पाठवतो पण दुसरा माणूस पाठवा. पेपरने ऐकलं नाही. वूलकॉट स्वतः तिकीट काढून गेला तर त्याला दारातूनच परत पाठवलं. प्रकरण कोर्टात गेलं, आणि १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने निकाल शूबर्टच्या बाजूने दिला, की नाट्यगृहात कोणाला घ्यायचं हे मालक ठरवू शकतो. म्हणजे कायद्याने समीक्षक हरला. पण मधल्या काळात पेपरने शूबर्टच्या जाहिराती छापायचं बंद करून टाकलं होतं, आणि खटला जिंकलेल्या शूबर्टना शेवटी वूलकॉटला दार उघडावं लागलं. ९२ वर्षांनी गेमस्पॉटमध्ये परिस्थिती तीच होती, जाहिरातदार नाराज आणि समीक्षक अडचणीत, फरक एवढाच की १९१५ मध्ये पेपर आपल्या समीक्षकाच्या मागे उभा राहिला आणि २००७ मध्ये समीक्षकाला घरी पाठवलं गेलं. पब्लिशर दबाव आणणारच, तो त्याच्या धंद्याचा भाग आहे, आजवर कुठल्या धंद्यात असं झालं नाही? म्हणून मला पब्लिशरपेक्षा जास्त प्रश्न विचारावेसे वाटतात ते दबाव झेलणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोण उभं आहे याबद्दल.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे, आणि ते कच्चे नाहीत. पहिला, कॉपी पब्लिशरची आहे, ती फुकट आणि आधी कोणाला द्यायची हा त्याचा हक्क. मान्य, कोर्टानेही तेच म्हटलं होतं. दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे, एम्बार्गो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी रिव्ह्यू छापायचा नाही ही अट. लोकांना वाटतं एम्बार्गो म्हणजे तोंड दाबणं, पण तसं नेहमी नसतं. एम्बार्गो नसेल तर प्रत्येक जण घाईघाईत पहिला रिव्ह्यू टाकायला धावेल, ४० तासांचा गेम ८ तास खेळून निकाल देईल, आणि सावकाश खेळून लिहिणाऱ्याचं कोणी वाचणारच नाही. सगळ्यांना एकच तारीख आणि एकच वेळ दिली की निदान ही शर्यत थांबते. तिसरं, कॉपी आधी दिली नाही म्हणजे गेम वाईटच असंही नाही. २०१६ चा 'डूम' रिलीजच्या आधी रिव्ह्यूअरना मिळाला नव्हता आणि गेम उत्तम निघाला. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'डूम' च्याच पब्लिशरने, बेथेस्डाने, रिव्ह्यू कॉपी फक्त एक दिवस आधी देण्याचं धोरण जाहीर केलं आणि त्यात हेच उदाहरण पुढे केलं.) हे सगळं मान्य करूनही प्रश्न उरतोच. सगळ्यांना एक तारीख देणं वेगळं, आणि ती तारीख माल विकून झाल्यावरची ठेवणं वेगळं. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आला तेव्हा अमेरिकेत गेम मध्यरात्रीपासून विकला जात होता आणि रिव्ह्यूचा एम्बार्गो उठला दुपारी १२ ला. मधल्या १२ तासांत ज्यांनी पैसे भरले त्यांना चेहरे गायब झालेली माणसं आणि अडखळता गेम मिळाला, आणि ज्यांना हे आधीपासून माहीत होतं ते सगळे सहीने बांधलेले होते. हा एम्बार्गो वाचकाच्या सोयीचा होता असं कोण म्हणेल?

सायबरपंक २०७७ चं प्रकरण तर शाळेत शिकवावं इतकं स्वच्छ आहे. गेम आला १० डिसेंबर २०२० ला. रिव्ह्यू ७ तारखेला उघडले, वेगवेगळ्या रिव्ह्यूंची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर स्कोअर १०० पैकी ९० च्या आसपास. पण रिव्ह्यूअरना कोड (गेम डाउनलोड करायची किल्ली) दिले होते फक्त पीसीचे, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या कन्सोलचे, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनचे, दिलेच नव्हते, आणि त्या पहिल्या रिव्ह्यूंच्या व्हिडिओत स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज दाखवायलाही परवानगी नव्हती, गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने दिलेल्याच क्लिप वापरायच्या. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की जुन्या कन्सोलवर गेम आश्चर्य वाटावं इतका चांगला चालतो. ८० लाख प्री-ऑर्डर, म्हणजे रिलीजच्या आधीच केलेल्या खरेद्या, झाल्या होत्या. मग लोकांनी आपापल्या कन्सोलवर गेम लावला, आणि तो अडखळत, मध्येच बंद पडत चालायला लागला, १४ तारखेला कंपनीला माफी मागावी लागली, त्याच आठवड्यात सोनीने गेम आपल्या स्टोअरवरून काढला तो पुढच्या जूनपर्यंत परत आला नाही. आता सांगा, या सगळ्यात ९ देणारा पीसीवाला रिव्ह्यूअर खोटं बोलला का? नाही. त्याच्या दणकट मशीनवर त्याला जो गेम दिसला त्याबद्दल त्याने बहुधा मनापासूनच लिहिलं. एकही वाक्य खोटं न लिहिता लाखो लोकांची फसवणूक झाली, कारण खरं ज्या कन्सोलवर दिसलं असतं ती कॉपीच कोणाला मिळाली नव्हती. पण, आणि इथे मी रिव्ह्यूअरना सोडणार नाही, आपल्याला कन्सोलचा कोड का देत नाहीयेत हा प्रश्न त्या आठवड्यात सगळ्यांना पडलाच असणार. काहींनी लिहिलंही, पण खाली कुठेतरी. तीच ओळ मथळ्यात टाकली असती, 'कन्सोलवर हा गेम आम्हाला बघू दिलेला नाही', तर किती लोक थांबले असते?

अटींचा कागद कसा असतो हे बाहेरच्या माणसाला नीट माहीत नसतं म्हणून थोडं सविस्तर. कोडबरोबर एक मेल येतो. त्यात तारीख, वेळ, टाइमझोन. मग कुठल्या चॅप्टरपर्यंत लिहायचं, त्याच्या पुढचं काय दाखवायचं नाही, कुठला शत्रू, कुठलं पात्र, कुठला शेवट, व्हिडिओ किती मिनिटांचा. यातलं बरंचसं गोष्ट फुटू नये म्हणून असतं आणि ते योग्यच आहे, मलाही शेवट आधी कळलेला चालणार नाही. पण त्याच यादीत दुसरं काहीतरी हळूच घुसवता येतं. २००८ मध्ये 'मेटल गिअर सॉलिड ४' च्या वेळी त्याच्या पब्लिशरने, कोनामीने, काही रिव्ह्यूअरना सांगितलं होतं की मधले सिनेमासारखे प्रसंग किती लांब आहेत आणि गेम इन्स्टॉल व्हायला किती जागा घेतो हे लिहू नका. हार्ड डिस्कवरची जागा म्हणजे कथेतलं रहस्य आहे का? ज्या मालिकेत तासन्‌तास बसून बघायचेच प्रसंग असतात तिच्याबद्दल खरेदीदाराला पहिला प्रश्न हाच पडणार, आणि नेमका तोच बंद. आणि वेळ? ५० तासांचा गेम चार दिवस आधी हातात पडला तर माणूस झोपेवर पाणी सोडून पळत सुटतो, बाजूच्या गोष्टी टाळतो, अवघडपणा कमी करतो आणि रविवारी रात्री थकलेल्या डोळ्यांनी निकाल लिहितो. अशा खेळण्यात अर्धे बग दिसत नाहीत आणि उरलेल्या अर्ध्यांवर उत्तर तयार असतं, रिलीजच्या दिवशी पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारा अपडेट, येतोय. तो पॅच त्याने पाहिलेला नसतो, तरी रिव्ह्यूत आशेने लिहून टाकतो.

आकड्याचाही दबाव असतो आणि तो फक्त वरून येत नाही. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' च्या वेळी तो बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकवर ८५ मिळण्यावर अवलंबून होता आणि मिळाले ८४. ही गोष्ट स्टुडिओच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीर सांगितली. एका गुणाने माणसांचे पैसे गेले. हे एकदा वाचलेला कुठला रिव्ह्यूअर पुढच्या वेळी ७ लिहिताना थबकणार नाही? पब्लिशर इथे समोर येतसुद्धा नाही, त्याने फक्त करारात एक आकडा घातला आणि कामगारांच्या पोटाचा प्रश्न रिव्ह्यूअरच्या गळ्यात बांधला. माझ्या मते यात रिव्ह्यूअरने अजिबात विरघळू नये, बोनसचा करार त्याने केलेला नाही, त्याचं इमान पैसे देऊन गेम घेणाऱ्याशी आहे. पण विरघळणं ही माणुसकीच आहे आणि नेमकं म्हणूनच ती वापरली जाते.

मग काही जण म्हणतात मोठ्या साइट सोडा, युट्यूबर बघा, तो आपल्यातलाच माणूस, त्याला कोणी मालक नाही. मालक नाही हे खरं, पण त्याच्या मागे उभं राहणारंही कोणी नाही. २०१४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' साठी एका एजन्सीमार्फत युट्यूबरना पैसे दिले, शेकड्यांपासून हजारो डॉलरपर्यंत, त्यात प्यूडीपायसारखं मोठं नाव होतं, आणि अट होती की गेमबद्दल चांगलंच बोलायचं, बग किंवा त्रुटी दाखवायच्या नाहीत, व्हिडिओ आधी मंजूर करून घ्यायचा. पैसे घेतल्याची सूचना? ती व्हिडिओखालच्या वर्णनात, तीही 'आणखी दाखवा' दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. २०१६ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली तेव्हा हे सगळं कागदावर आलं. तेव्हापासून माणसं सुधारली असतील म्हणता? मे २०२४ मध्ये 'मार्व्हल रायव्हल्स' च्या चाचणीसाठी क्रिएटरना जो करार पाठवला गेला त्यात गेमबद्दल नकारात्मक मत मांडायलाच मनाई करणारं कलम होतं, बोंब झाल्यावर तो गेम आणणाऱ्या नेटईझने माफी मागून ते बदललं. बोंब झाली ती कोणीतरी कलम वाचून जाहीर केलं म्हणून. ज्यांनी निमूट सही केली त्यांच्याकडून आपल्याला काही कळलं असतं का?

आणि खेळणाऱ्यांच्या रिव्ह्यूंवर सगळं सोपवा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की २०२० च्या जुलैमध्ये मेटाक्रिटिकला युजर रिव्ह्यू रिलीजनंतर ३६ तास बंद ठेवायचा नियम का करावा लागला. कारण वीस-पंचवीस तासांच्या गेमला पहिल्या काही तासांतच हजारोंनी शून्य पडायला लागले होते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले रिव्ह्यू मला त्यातल्या त्यात बरे वाटतात, तिथे माणूस किती तास खेळला ते शेजारी दिसतं, आणि २०१६ पासून ते चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने बाहेरून मिळालेल्या कोडवर खेळणाऱ्यांचे रिव्ह्यू एकूण स्कोअरमध्ये धरायचं बंद केलं. म्हणजे स्वतः दुकान चालवणाऱ्यालाही कळलं की फुकट मिळालेली कॉपी आणि पैसे टाकून घेतलेली कॉपी यात फरक करायला हवा.

आता जरा आपल्याकडे, म्हणजे वाचकांकडे, कारण सगळ्यात दुखणारा भाग हा आहे. २०१३ मध्ये गेमस्पॉटच्या एका समीक्षक बाईंनी 'जीटीए ५' ला १० पैकी ९ दिले आणि त्यातल्या स्त्रीद्वेषाबद्दल चार ओळी लिहिल्या, तर त्यांना नोकरीवरून काढा म्हणून लोकांनी सह्यांची मोहीम चालवली. ९ देऊन! २०१७ मध्ये नव्या 'झेल्डा' ला एका स्वतंत्र रिव्ह्यूअरने ७ दिले तर त्यांच्या साइटवर हल्ला करून ती बंद पाडली. यात पब्लिशरने एक पैसा खर्च केला नव्हता. आपलं ते बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गेमच्या बाबतीत इतकं टोकाला गेलंय की ज्या दबावाचा आपण निषेध करतो तोच दबाव आपण फुकटात पुरवतो. २०१४ च्या गेमरगेट या ऑनलाइन मोहिमेत तर 'पत्रकारितेतली नीतिमत्ता' हा झेंडा घेऊन माणसं एका छोट्या, फुकट गेम बनवणाऱ्या बाईच्या मागे लागली, आणि ज्या रिव्ह्यूसाठी हे सगळं चाललंय म्हणत होते तो रिव्ह्यू कधी लिहिलाच गेला नव्हता. धमक्या मात्र खऱ्या होत्या. कोट्यवधीच्या जाहिराती देणाऱ्या पब्लिशरना या लोकांनी तसं धारेवर धरलं नाही. याचा परिणाम असा झाला की आज कोणी रिव्ह्यूच्या प्रामाणिकपणाबद्दल प्रश्न विचारला की समोरचा आधी तपासतो की हा त्यातला तर नाही, आणि त्या संशयाचा फायदा मिळतो तो पब्लिशरलाच.

मग करायचं काय? अमेरिकेतलं कन्झ्युमर रिपोर्ट्स १९३६ पासून स्वतः पैसे देऊन वस्तू विकत घेऊन तपासतं आणि जाहिराती घेत नाही. गेममध्ये असं का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, रिव्ह्यू चार दिवस उशिरा येईल. येऊ दे ना. चार दिवस उशिरा गेम घेतल्याने कोणाचं काय बिघडतं? प्री-ऑर्डरवर मिळणारा गेममधला तो जादा पोशाख नाहीतर तलवार याचसाठी असते की थांबणं म्हणजे तोटा वाटावा, आणि पहिल्या दिवशी घेणारे जितके जास्त तितकी आधी मिळणाऱ्या कॉपीची किंमत जास्त, म्हणजे ती देणाऱ्याची पकडही तितकीच घट्ट. आधी कॉपी मिळाली तर जरूर घ्यावी, पण रिव्ह्यूच्या पहिल्या चार ओळींत सरळ लिहावं की कॉपी कोणी दिली, किती दिवस आधी, कुठल्या मशीनवर खेळलो, कशाबद्दल लिहायला बंदी होती, आणि स्वतःचं फुटेज दाखवू दिलं नाही तर व्हिडिओ करूच नये. याला पैसा लागत नाही.

छोट्या साइटवाले म्हणतात असं लिहिलं तर पुढच्या वेळी कॉपीच मिळणार नाही, आणि ते खरं बोलतायत. कोटाकूसारख्या गेमच्या बातम्या देणाऱ्या मोठ्या साइटलासुद्धा बेथेस्डा आणि यूबिसॉफ्ट या पब्लिशरनी वाळीत टाकलं होतं हे २०१५ मध्ये त्यांनीच जाहीर केलं, तेही वाईट रिव्ह्यूसाठी नाही, आधी फुटलेल्या बातम्या छापल्या म्हणून. ती साइट त्यानंतरही गेम विकत घेऊन लिहीत राहिली, पण बाकीच्या साइट त्यांच्यासाठी पुढे आल्या नाहीत, आणि माझ्या मते सगळं तिथेच हुकतं. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्नेने लॉस एंजेलिस टाइम्सच्या समीक्षकांना सिनेमांच्या रिलीजआधीच्या खास शोला बंदी घातली, कारण त्या पेपरने कंपनीच्या अनाहाइम शहरातल्या व्यवहारांवर लिहिलं होतं. तेव्हा चित्रपट समीक्षकांच्या चार संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं की बंदी उठेपर्यंत डिस्नेचे सिनेमे आमच्या पुरस्कारांसाठी विचारात घेणार नाही. बंदी काही दिवसांत उठली. गेमच्या बाबतीत ज्यांना टाळून पब्लिशरचं चालणारच नाही अशा पाच-सहा मोठ्या साइट आणि तेवढेच मोठे युट्यूबर आहेत, सुरुवात त्यांनी करायची आहे, एकाला कन्सोलचा कोड नाकारला तर बाकीच्यांनी त्या आठवड्यात पीसीचा स्कोअरही टाकायचा नाही. छोट्यांकडून मी एवढी अपेक्षा नाही करणार, त्यांनी फक्त त्या चार ओळी लिहाव्यात, आणि त्या लिहिल्या म्हणून कोणाला कॉपी नाकारली गेली तर तेही लिहावं, नाव घेऊन.